रोजचा रतीब तुटला तेव्हा: न्यू ऑर्लिन्सच्या एका दैनिकाचे प्रकरण

30 सप्टेंबर 2012, रविवार. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा 'सेंट्स' हा अमेरिकन फुटबॉल संघ ग्रीन बेच्या संघाकडून 28-27 असा एका गुणाने हरला. हंगामातला सलग चौथा पराभव. अशा सामन्यानंतरची सोमवारची सकाळ म्हणजे एरवी पेपरवाल्यांची चांदी. हरल्यावर लोक जास्तच वाचतात, कारण शिव्या कोणाला घालायच्या ते ठरवायचे असते. पण 1 ऑक्टोबरच्या सोमवारी 'द टाइम्स-पिकायून' घरोघरी आलाच नाही. संप नव्हता, यंत्र बिघडले नव्हते, पूरही आला नव्हता. मालकांनीच ठरवले होते की यापुढे पेपर बुधवार, शुक्रवार आणि रविवार असे तीनच दिवस घरी येईल. बाकीचे चार दिवस वेबसाइट वाचा.

इंटरनेटच्या काळात छापील पेपरला अर्थ उरला आहे का, हा वाद बहुधा दोन ठरलेल्या वाटांनी जातो. एक जण खपाचे घसरते आकडे पुढे करतो, दुसरा शाईच्या वासाची आठवण काढतो. दोघेही खोटे बोलत नसतात, पण छापील अंक नेमके काय काम करत होता ते दोघांच्याही बोलण्यातून कळत नाही. ते कळायचे तर अंक काढून घेऊन पाहावे लागते. न्यू ऑर्लिन्समध्ये हे सात वर्षांच्या अंतराने दोनदा घडले. पहिल्यांदा वादळाने अंक काढून घेतला, तेव्हा लोकांनी वेबसाइटला डोक्यावर घेतले. दुसऱ्यांदा मालकांनी काढून घेतला, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण शेजारच्या शहरातल्या पेपरचे वर्गणीदार झाले. पेपर तोच, वेबसाइट तीच, वाचकही तेच. म्हणून हे प्रकरण मला पुन्हा पुन्हा उकरावेसे वाटते.

वादळातले तीन दिवस

'पिकायून' हे एका स्पॅनिश नाण्याचे नाव. 1837 मध्ये पेपर निघाला तेव्हा एका अंकाची किंमत तेवढीच होती, म्हणून नावही तेच पडले. 1914 मध्ये 'टाइम्स-डेमोक्रॅट'शी विलीन होऊन त्याचा 'टाइम्स-पिकायून' झाला आणि 1962 मध्ये न्यूहाउस कुटुंबाने तो विकत घेतला. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांतले पेपर या कुटुंबाच्या 'अ‍ॅडव्हान्स' या कंपनीकडे होते. मालक दुसऱ्या गावचे होते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

2002 मध्ये या पेपरने पाच भागांची मालिका छापली होती. मोठे वादळ थेट आदळले तर शहराचे काय होईल, हा तिचा विषय. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना आले, पूर रोखणारे बांध फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीभोवती पाणी चढू लागले, तेव्हा संपादक, बातमीदार आणि छायाचित्रकार पेपर वाटायच्या ट्रकांत बसून बाहेर पडले. काही जण मागे फिरले आणि बुडालेल्या शहरातून बातम्या देत राहिले. छापणे शक्यच नव्हते. तीन दिवस अंक फक्त नोला डॉट कॉम या वेबसाइटवर निघाला. त्याची पाने लावून वेबसाइटवर टाकली जात होती, पण छापली जात नव्हती.

त्या तीन दिवसांत वेबसाइटने जे काम केले ते कागदाला कधीच जमले नसते. वाचक देशभर विखुरले होते, त्यांच्या दारात पेपर टाकणार कोण? लोक आपल्या गल्लीत पाणी किती चढले ते विचारत होते, हरवलेल्या माणसांची नावे टाकत होते, छपरावर अडकलेल्यांचे पत्ते कळवत होते. बातमी आणि मदतीची हाक एकाच जागी आली होती. 2 सप्टेंबरला शेजारच्या हूमा गावातल्या छापखान्यातून पुन्हा छापील अंक निघाला. पुढच्या वर्षी पेपरला दोन पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतली सर्वांत मानाची पारितोषिके, मिळाली: एक ताज्या बातम्यांच्या वार्तांकनासाठी, दुसरे लोकसेवेसाठी, 'सन हेरल्ड' या मिसिसिपीतल्या पेपरसोबत विभागून.

इथवर पाहिले तर निकाल सरळ दिसतो. कागद नसला तरी पेपर असतो. सात वर्षांनी मालकांना असेच काहीसे वाटले असावे.

2012 चा हिशेब

24 मे 2012 ला निर्णय जाहीर झाला. खरे तर आदल्या रात्रीच तो फुटला होता, 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या वेबसाइटवर. डिजिटलकडे निघालेल्या कंपनीतल्या बहुतेक लोकांना आपल्या नोकरीची बातमी दुसऱ्याच पेपरच्या डिजिटल आवृत्तीतून कळली. याच दिवशी 'अ‍ॅडव्हान्स'ने अलाबामातल्या बर्मिंगहॅम, हन्ट्सव्हिल आणि मोबील या तीन शहरांच्या पेपरांनाही हाच तीन दिवसांचा आराखडा लावला.

मालकांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ते मूर्ख नव्हते. 2006 मध्ये अमेरिकेतल्या पेपरांचे जाहिरातींचे उत्पन्न सुमारे 49 अब्ज डॉलर होते. 2012 पर्यंत ते साधारण निम्म्यावर आले होते. छोट्या जाहिराती तर फुकट वेबसाइटांनी केव्हाच पळवल्या होत्या. न्यू ऑर्लिन्सची अडचण आणखी मोठी होती, कारण शहरच आकसले होते. 2000 च्या जनगणनेत लोकसंख्या 4,84,674 होती, 2010 मध्ये 3,43,829. वादळापूर्वी अडीच लाखांच्या वर असलेला खप 2012 मध्ये एक लाख तीस हजारांच्या आसपास राहिला होता. छपाई, कागद, ट्रक आणि पहाटे पेपर टाकणारी माणसे यांचा खर्च मात्र खप निम्मा झाला म्हणून निम्मा होत नाही. यंत्र एक लाख अंकांसाठी चालवा नाहीतर दोन लाखांसाठी, ते चालवावेच लागते.

मग दिवस वेगवेगळे काढून पाहिले. बुधवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी जाहिराती भरपूर. उरलेले चार दिवस पाने रोडावलेली. तेव्हा कमाईचे दिवस ठेवा, खर्चाचे काढा आणि वाचलेला पैसा वेबसाइटवर लावा. कागदावर हा हिशेब बिनचूक आहे. (कागदावर, हे गमतीने म्हणत नाही.)

त्याच हिशेबात सुमारे 200 जणांना नोकरीवरून काढले आणि संपादकीय विभाग जवळपास निम्मा झाला. त्या वसंतात वेबसाइटला पिवळीधमक नवी रचना दिली होती, तीही लोकांना रुचली नव्हती. म्हणजे वाचकाला जिकडे जा म्हणून सांगितले, तिथे बातम्या आणणारी माणसे कमी आणि डोळ्यांना त्रास जास्त.

शहर पेटून उठले. अंगणांत 'पिकायून वाचवा' अशा पाट्या लागल्या, सभा झाल्या. जाझ वादक विंटन मार्सालिस, माजी खेळाडू आर्ची मॅनिंग अशा नामवंतांचा गट पुढे आला. रोज काढायचा नसेल तर पेपर विकून टाका, असे मालकांना सांगण्यात आले. 'सेंट्स'चे मालक टॉम बेन्सन यांनीही तो घेण्याची तयारी दाखवली. न्यूहाउस कुटुंबाचे उत्तर एकच: विकायचा नाही. रोज छापील दैनिक नसलेले अमेरिकेतले सर्वांत मोठे शहर, अशी न्यू ऑर्लिन्सची ओळख होणार होती, आणि शहरातल्या एक तृतीयांशाहून अधिक घरांत तेव्हा इंटरनेट नसल्याचे सांगितले जात होते. मधेच ऑगस्टच्या अखेरीस आयझॅक वादळ आले, कॅटरिनाला बरोबर सात वर्षे होत असताना. लुइझियानात लाखो घरांची वीज गेली. वीज गेली की वेबसाइटही गेली. अंक तेव्हा अजून रोज निघत होता.

पोकळी भरायला दुसरा आला

शहरापासून सुमारे 130 किलोमीटरवर बॅटन रूज ही राज्याची राजधानी आहे. तिथल्या 'द अ‍ॅडव्होकेट' या पेपरने 24 सप्टेंबर 2012 ला, म्हणजे टाइम्स-पिकायूनचा रोजचा अंक बंद व्हायच्या आठवडाभर आधी, न्यू ऑर्लिन्सची आवृत्ती सुरू केली. सुरुवातीला ती फार भारी नव्हती, राजधानीच्या पेपराला न्यू ऑर्लिन्सची काही पाने जोडलेली. तरी काही आठवड्यांत हजारो घरांनी वर्गणी भरली. यातले बहुतेक लोक नोला डॉट कॉम वाचत नव्हते असे नाही. त्यांना सकाळी दारात काहीतरी पडलेले हवे होते.

2013 च्या वसंतात न्यू ऑर्लिन्सचे व्यावसायिक जॉन जॉर्जेस यांनी 'अ‍ॅडव्होकेट' विकत घेतला आणि टाइम्स-पिकायूनचे दोन माजी व्यवस्थापकीय संपादक, पीटर कोव्हॅक्स आणि डॅन शे, यांना नेतृत्व दिले. त्यांच्यामागून काढलेले आणि न काढलेले बरेच बातमीदार तिकडे गेले. इंटरनेटच्या भर काळात एका मध्यम आकाराच्या शहरात दोन छापील पेपरांची जुन्या पद्धतीची लढाई जुंपली. जॉर्जेस यांनी पेपर घेतल्याच्या सुमारासच टाइम्स-पिकायूनने माघारीचे पहिले पाऊल टाकले. 'टीपी स्ट्रीट' नावाचा छोट्या आकाराचा अंक येतोय असे जाहीर झाले, आणि जूनपासून तो सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी स्टॉलवर मिळू लागला. घरी मात्र येणार नाही! आधी चार दिवस बंद केले, मग त्यातले तीन दिवस वेगळ्या नावाने, वेगळ्या आकारात, दुसऱ्या ठिकाणी सुरू केले. वाचकाने आता वार पाहायचा, मग त्या वारी कोणता अंक निघतो ते आठवायचे, मग तो घरी येतो की स्टॉलवर जावे लागते ते ठरवायचे. एवढे करण्यापेक्षा 'अ‍ॅडव्होकेट' लावणे सोपे होते.

पुढचे सहा वर्षांचे तपशील भराभर सांगतो, कारण दिशा तोवर ठरली होती. 2016 च्या सुरुवातीला टाइम्स-पिकायूनची छपाई अलाबामातल्या मोबील शहरात हलवली गेली. हॉवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचा छापखाना बंद पडला. एप्रिल 2019 मध्ये 'अ‍ॅडव्होकेट'ला पुलित्झर मिळाले. लुइझियानात खटल्याचा निकाल देणाऱ्या ज्युरीतल्या बारापैकी दहा पंचांचे मत पडले तरी आरोपीला दोषी ठरवता येई. वर्णभेदाच्या काळातल्या या पद्धतीचा त्यांनी छडा लावला होता आणि 2018 मध्ये मतदारांनी ती पद्धत रद्द केली. मग 2 मे 2019 ला जॉर्जेस यांनी टाइम्स-पिकायून आणि नोला डॉट कॉम दोन्ही विकत घेतल्याचे जाहीर झाले. सात वर्षांपूर्वी 'विकायचा नाही' म्हणणाऱ्यांनी तो विकला. त्या पेपरच्या सगळ्या, म्हणजे 161, कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याची नोटीस मिळाली. फार थोड्यांना पुन्हा घेतले. जुलैपासून दोन्ही नावे एका डोक्यावर घेऊन संयुक्त पेपर रोज घरपोच निघू लागला.

हिशेबात काय सुटले

सोपा निष्कर्ष असा निघतो की छापील पेपर जिंकला, डिजिटल हरले. तो मला मान्य नाही. जॉर्जेस यांनी शेवटी जी वस्तू विकत घेतली तिचा मोठा भाग नोला डॉट कॉम ही वेबसाइट होती. ती त्यांनी बंद केली नाही, उलट पुढे सगळा कारभार तिच्यावर आणला. शिवाय त्यांच्याकडे स्वतःचा पैसा होता आणि त्यांनी 2007 मध्ये राज्यपालपदाची व 2010 मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवली होती. असा माणूस पेपर कशासाठी घेतो, हा प्रश्न उत्पन्नाच्या पलीकडचा आहे. प्रत्येक शहराला असा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी तो हवाच असतो असेही नाही.

माझ्या मते चूक दुसरीकडे होती. मालकांनी सात दिवसांचे सात वेगळे माल मानले आणि प्रत्येकाचा नफा-तोटा काढला. वाचक मात्र मंगळवारचा अंक विकत घेत नव्हता, तो रतीब लावत होता. रतीबाची गंमत अशी की त्याचा विचार करावा लागत नाही. पेपर येतो म्हणून उचलला जातो, उचलला जातो म्हणून वाचला जातो, आणि मंगळवारच्या रोडावलेल्या अंकात काही नसले तरी बुधवारी हात पुन्हा दाराकडे जातो. मंगळवारचा तोटा हा बुधवारच्या कमाईचा खर्च होता. आठवड्यातून तीनदा, तेही एकाआड एक अशा वारांना येणाऱ्या वस्तूची सवय लागत नाही. ती आठवणीत ठेवावी लागते.

आणि सवय तुटल्यावर माणूस आपोआप वेबसाइटवर जातो हे गृहीतच चुकीचे होते. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा चार वर्षांनी लंडनमध्ये मिळाला. 'द इंडिपेंडंट'ने मार्च 2016 मध्ये छापील अंक पूर्ण बंद केला. नील थर्मन आणि रिचर्ड फ्लेचर या संशोधकांनी पुढच्या वर्षाचा अभ्यास केला. ब्रिटिश वाचक त्या पेपरला देत असलेला एकूण वेळ 81 टक्क्यांनी घटला होता. छापील अंकाचे वाचक जेमतेम काही टक्केच होते, पण ते वाचत तेव्हा दिवसाला पाऊण तासाच्या आसपास वेळ देत. वेबसाइटवर येणारे महिन्याला सरासरी सहा मिनिटे. अंक बंद झाल्यावर ते छापील वाचक वेबसाइटवर गेले नाहीत, विरघळले. 'इंडिपेंडंट' मात्र त्यानंतर नफ्यात आला, हेही सांगायला हवे. म्हणजे कंपनीला कागद सोडून फायदा झाला आणि पेपरला वाचणारे डोळे गमवावे लागले. दोन्ही एकाच वेळी खरे.

वेळेचा हा फरक फक्त चिकाटीचा नाही. अंकाला शेवटचे पान असते. क्रीडापानासाठी अंक उघडणारा माणूस जाता जाता नगर परिषदेच्या ठेक्याची बातमी पाहतो, शोधायला गेलेला नसतानाही. आणि तो ठेका देणाऱ्यालाही ठाऊक असते की आज सकाळी शहरातल्या लाखभर घरांत हेच पहिले पान पडले आहे. वेबसाइटवर हीच बातमी असते, कदाचित जास्त कागदपत्रांसह. पण प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळे काहीतरी वर असते, आणि 'आजच्या पेपरात काय आलंय पाहिलंत का' असे कोणी कोणाला म्हणू शकत नाही. कॅटरिनाच्या तीन दिवसांत वेबसाइट यशस्वी झाली ती याच कारणाने: तेव्हा सगळ्या शहराला एकच गोष्ट हवी होती, त्यामुळे सगळ्यांचे पहिले पान आपोआप एकच झाले. साध्या मंगळवारी ते कोणीतरी बनवून द्यावे लागते.

तरीही या प्रकरणातली एक गोष्ट मला पूर्ण सोडवता येत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये अंक आणि माणसे एकदमच कमी केली गेली. वाचक कशावर रागावला, चार दिवसांच्या रिकाम्या दारावर की ओळखीची नावे गायब झाल्यावर? दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहायची सोय नाही. माणसे तशीच ठेवून फक्त कागद कमी केला असता तर निकाल वेगळा लागला असता का? कदाचित. पण मग पैसे वाचले नसते, आणि पैसे वाचवायचेच तर होते.

अलाबामाचा उलटा साक्षीदार

माझ्या रतीबाच्या युक्तिवादाला सर्वांत मोठा छेद देणारी उदाहरणे त्याच दिवशी, त्याच मालकांनी घेतलेल्या त्याच निर्णयातून आली आहेत. अलाबामातल्या तिन्ही पेपरांनाही 2012 मध्ये तीन दिवसांवर आणले होते. तिथे शेजारून कोणी 'अ‍ॅडव्होकेट' धावून आला नाही, कोणी स्थानिक धनिक उभा राहिला नाही. तीन दिवसांचे अंक दहा वर्षे निघाले आणि फेब्रुवारी 2023 च्या अखेरीस तिन्ही पेपर छापणे कायमचे थांबले. राहिली ती त्यांची सामाईक वेबसाइट, एएल डॉट कॉम.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, मे 2023 मध्ये, त्या वेबसाइटला दोन पुलित्झर मिळाले. एक ब्रुकसाइड नावाच्या चिमुकल्या गावाच्या पोलिसांवर केलेल्या स्थानिक वार्तांकनासाठी: वाहनचालकांना अडवून दंडाच्या पैशावर गावाची तिजोरी भरण्याचा धंदा त्यांनी उघडा पाडला. त्या बातम्यांनंतर पोलीसप्रमुखाने राजीनामा दिला. दुसरे पारितोषिक स्तंभलेखनासाठी. आजच्या पेपरात काय आलंय असे कोणी म्हणू शकत नसतानाही ठेकेदाराला, पोलिसाला आणि न्यायाधीशाला घाम फुटतो, हे तिथे दिसले. पत्रकारितेला कागद लागतोच असे मानणाऱ्याने ब्रुकसाइडचे उत्तर द्यायला हवे, आणि माझ्याकडे ते नाही.

एवढेच म्हणता येईल की या दोन राज्यांत मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. अलाबामात चांगली बातमीदारी टिकली. रोज सकाळी बर्मिंगहॅममधल्या किती घरांत ती पोहोचते, शोधायला न गेलेल्या किती जणांच्या नजरेखालून जाते, याचे उत्तर पारितोषिकात नसते. न्यू ऑर्लिन्समध्ये वाचकाला रोजचा अंक परत मिळाला, पण त्यासाठी एका पेपरची सगळी कचेरी रिकामी झाली, आणि 2012 मध्ये ज्यांनी काढून टाकलेल्या सहकाऱ्यांना निरोप दिला त्यांच्यातल्या अनेकांना 2019 मध्ये स्वतःचे टेबल आवरावे लागले.

मोबील हे त्या तीन अलाबामी शहरांपैकीच एक. न्यू ऑर्लिन्समधला छापखाना बंद करून 2016 मध्ये टाइम्स-पिकायूनचे अंक जिथे छापायला नेले, ते हेच शहर. आता तिथे शहराचे स्वतःचे दैनिक छापले जात नाही.